एक्केचाळीस नंबरची पाठ

शेवटचा साधा दिवस बुधवार होता.

अण्णा दुपारी जेवून कुठेतरी गेले आणि पाचच्या सुमारास परत आले, तेव्हा त्यांच्या कॉलरला मागून पांढरं काहीतरी लागलं होतं. कानामागेही होतं, नखांतही. मी जमिनीवर प्रुफं पसरून बसले होते. एका प्रकाशकाकडे मी मुद्रितशोधनाचं काम करते, बरंचसं घरूनच. कुठल्या भिंतीला घासून आलात, असं मी विचारलं. ते म्हणाले, असंच, परळला गेलो होतो. मी पुढे काही विचारलं नाही.

आमची खोली दहा बाय बाराची. एका भिंतीला कपाट, दुसरीला पलंग, तिसरीला ओटा आणि पाण्याचं पिंप, चौथीत दार. बसल्यावर पाठ टेकायला भिंत म्हणून उरतच नाही. त्यामुळे मी शाळेत असल्यापासून आम्ही दोघं खोलीच्या मध्यावर पाठीला पाठ लावून बसायचो. त्यांचा पेपर, माझा अभ्यास. आई गेल्यावर ही सवय आणखी पक्की झाली. अण्णा माथाडी होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी आणि नंतर रे रोडच्या वखारींत लाकडं उचलली. त्यांच्या उजव्या खांद्याखाली ओझ्याने आलेली एक गाठ होती. ती माझ्या पाठीला लागायची. त्यांना हसू आलं की आवाज यायच्या आधी मला त्या गाठीतून कळायचं.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर ते माझ्यामागे येऊन बसले.

"नमू, जरा टेकतो गं."

त्यांची पाठ लागली. आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. मीटिंग होती.

"अण्णा, आत्ता नको ना. काम आहे."

मी कागद गोळा करून उठले आणि टेबलाशी जाऊन बसले. ते पडले नाहीत. एक हात जमिनीवर टेकवून त्यांनी तोल सावरला. "बरं," म्हणाले, "उद्या."

सकाळी त्यांचा चहा गार झाला तरी ते उठले नाहीत.

अण्णांच्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी एक मोठं खोकं आलं. वर माझं नाव आणि पाठवणाऱ्याच्या जागी परळच्या एका कार्यशाळेचा शिक्का. ऑर्डर देणारा : भिवा कासारे, म्हणजे अण्णा. आत खुर्चीला पट्ट्यांनी बांधायची एक बॅकरेस्ट होती, राखाडी कापडाची. मागे खडूने ४१ लिहिलेलं.

माझी कंबर वर्षभर दुखत होती. अण्णा रोज म्हणायचे, दाखवून ये. मी रोज म्हणायचे, वेळ नाही.

मी ती खुर्चीला बांधली आणि बसले. पाठीमागे कोणीतरी आधीपासून बसलेलं असावं, तसं वाटलं. उजव्या खांद्याखाली एक खळगा होता, एका जुन्या गाठीला मावेल एवढा. मी खूप वेळ उठले नाही.

पुढचे काही दिवस मी त्याच खुर्चीत होते. जेवायलासुद्धा. सकाळी ती बॅकरेस्ट कोमट लागायची. मी स्वतःला समजावलं की शेजारच्या भिंतीपलीकडे गीझर आहे. मग लक्षात आलं की त्या बाजूला भिंत नाही, दार आहे. चौथ्या दिवशी मी पाठमोरी बसले होते, तेव्हा गॅलरीतून चंपामावशींचा आवाज आला. त्या शेजारच्या, चाळीस वर्षांपासूनच्या.

"भिवाभाऊ, पाणी आलंय बघा नळाला."

मी वळून पाहिलं. मावशी दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"तू होय," त्या म्हणाल्या. "मागनं हुबेहूब गं. मला वाटलं..." जाताना दार हळूच लोटून घेतलं. अण्णांची झोप मोडू नये म्हणून त्या तसंच लोटायच्या.

मी आरशात पाहिलं. माझा उजवा खांदा उतरला होता. आणि बोलायच्या आधी मी घसा खाकरायला लागले होते, त्यांच्यासारखी. डाव्या पायाला मुंग्या येत होत्या.

परळच्या हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत ती कार्यशाळा सापडली. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले.

चारही भिंतींवर पाठी टांगलेल्या होत्या. मानेपासून कमरेपर्यंतच्या, पांढऱ्या, प्लास्टरच्या. डोकं नाही, हात नाहीत. प्रत्येकीला एक खिळा आणि एक आकडा. एका खोलीभर माणसं माझ्याकडे पाठ करून उभी आहेत आणि मी आल्याचं त्यांना कळलंय, असं वाटत होतं.

"घाबरू नका," कोणीतरी म्हणालं. "एकही वळून बघत नाही. मी आठ वर्षं वाट बघतोय."

तो टेबलामागून उठला. पस्तिशीचा असेल. पापण्यांवर प्लास्टरची पूड बसल्यामुळे तो अकाली म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. अभय नाव सांगितलं.

मी बॅकरेस्ट त्याच्यापुढे ठेवली. "ही माझी पाठ नाही."

"बसा बघू." मी बसले. तो मागे आला आणि थांबला. "हात लावू?"

मी मान हलवली. कमरेवर दोन बोटं आली आणि सरकली... अगदी थोडी.

"तुमच्या कमरेचं वळण दोन बोटं खाली आहे. हिचा फुगवटा वर आलाय. मग जिथे आधार हवा तिथे पोकळी, आणि जिथे नको तिथे रेटा. किती दिवस बसताय?"

"पाच."

"दिवसातून?"

"दिवसभर."

त्याने बोटं काढून घेतली. मग म्हणाला, "तुमचे वडील कुठे आहेत? फोन करतो म्हणाले होते. मी वाट बघून बघून तशीच बनवून पाठवली."

मी सांगितलं. कोणत्या दिवशी, तेही सांगितलं.

तो स्टुलावर बसला. दारासमोरच्या भिंतीकडे बघत राहिला. तिथल्या एका पाठीचा आकडा वाचायची मला गरज पडली नाही. उजव्या खांद्याखालची गाठ मला दारातूनच दिसली असती, पण मी तिकडे पाहिलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या कोरड्या, खडूसारख्या होत्या. ती एकच ओली होती.

"त्याच दिवसापासून," अभय हळू आवाजात म्हणाला. "भिंतीत गळती असेल म्हणून मी दुसऱ्या खिळ्यावर लावून पाहिली. डिसेंबरात प्लास्टरला घाम येत नाही. मी रोज सकाळी पुसतो..."

मग त्याने त्या बुधवारचं सांगितलं. अण्णा आले आणि म्हणाले, पोरीची पाठ दुखते, ती यायची नाही, माझ्या पाठीवरून तिच्यासाठी बनवा. अभय म्हणाला, असं होत नाही, प्रत्येकाची वळणं वेगळी. अण्णांनी ऐकलं नाही. तिची पाठ माझीच आहे, पंचवीस वर्षं टेकतोय तिला, मला माहीत नाही का, म्हणाले. शेवटी अभयने एका अटीवर त्यांचा साचा घेतला. घरी जाऊन तिच्या पाठीला पाठ लावायची, तिची पोकळी कुठे येते ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी कळवायचं.

"दोन बोटं इकडे-तिकडे असेल तर सांगतो म्हणाले," अभय म्हणाला.

मी बॅकरेस्ट उचलली. तो म्हणाला, आता तुमचा साचा देऊन जा, नवीन करतो. मी नाही म्हटलं. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, माझ्याकडे न बघता. त्याला हे काम शिकवणाऱ्या रमाकांत सरांचा नियम होता : गेलेल्या माणसाची पाठ भिंतीवर ठेवायची नाही. ती खाली उतरवायची, फोडायची आणि माती जमिनीला द्यायची. का, ते सर सांगत नसत.

"पण तुमच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही," तो म्हणाला.

मी परवानगी दिली नाही.

सहा डिसेंबरला मी दादरला गेले. अण्णा दरवर्षी त्यांच्या मंडळाबरोबर चैत्यभूमीच्या रांगेतल्या लोकांना पाणी द्यायचे. यंदा त्यांच्या जागी मी उभी राहिले. दुपारी पाय पार बधिर झाला, म्हणून शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलांकडे गेले. तिथे एका ढिगाशी अभय ओणवा उभा होता, जड पिशवी एका खांद्याला लावून.

"दुसऱ्यांच्या पाठी सरळ करणारा माणूस असा उभा राहतो?"

तो दचकला. मग हसला. आज पापण्या काळ्या होत्या. "जय भीम. दुकान बंद असतं तेव्हा मी वाकडाच असतो."

"दोन्ही खांद्यांवर घ्या. नाहीतर एखाद्या खिळ्यावर जाल."

"नंबर कुठला द्याल?"

मी त्याची अर्धी पुस्तकं माझ्या पिशवीत घेतली. परळपर्यंत आम्ही चालत आलो. पुस्तकांवर बोललो. त्याने वाचलेली फार नव्हती, पण वाचलेली पानं त्याला नीट आठवत होती, आणि हे मला आवडलं. गल्लीच्या तोंडाशी तो म्हणाला, "एक टॉवेल घे, गुंडाळी कर, कमरेच्या खळग्यात ठेव. तेवढं तरी कर." तो मला 'तू' कधी म्हणायला लागला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या आलं असेल.

मी टॉवेल घेतला नाही. त्या खुर्चीत दुसरं काही ठेवणं मला जमलं नाही. पण दर शनिवारी दुपारी मी कार्यशाळेत जायला लागले. पहिल्यांदा पुस्तकं परत द्यायला. नंतर कारण सांगायचं सोडून दिलं. तो चहा करायचा आणि आम्ही त्या पाठींच्या मध्ये बसायचो. बारा नंबरची मच्छीमार नगरची एक मावशी, डोक्यावरच्या टोपलीने तिची मान आत गेलेली. सत्तावीस नंबर तबला वाजवायचा.

"सगळ्यांना वाटतं ताठ म्हणजे काठी," तो एकदा म्हणाला आणि हवेत बोटाने एक रेघ काढली. "मानेशी आत, पाठीत बाहेर, कमरेत परत आत. हे वळण आहे म्हणून आपण चालतो. ते सरळ करायचं नसतं. पोकळी असेल तिथे अलगद हात ठेवायचा, एवढंच माझं काम."

"अलगद?"

"रेटलं की पाठ भांडते." तो माझ्याकडे बघत होता. "काही जणींची जास्तच."

त्याची स्वतःची पाठ भिंतीवर कुठे आहे, असं मी विचारलं. नाही, म्हणाला. स्वतःची स्वतःला घेता येत नाही, आणि दुसऱ्या कोणी कधी विचारलं नाही.

मी बाह्या वर सरकवल्या.

तो पातळ गंजी घालून स्टुलावर पाठमोरा बसला. मी प्लास्टरच्या पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून एकेक लावत गेले, तो सांगेल तशी. ओलं कापड, त्याखाली त्याचा श्वास. प्लास्टर घट्ट होताना आपोआप गरम होतं, हे मला तेव्हाच कळलं. कमरेच्या वळणावर मी दोन्ही तळवे ठेवले आणि धरून राहिले. गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

"नम्रता," तो खूप हळू म्हणाला. "तुझे दोन्ही हात माझ्या कमरेवर आहेत ना?"

"हो."

"मग खांद्यावर..."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोनच होते. मान वर केली नाही. समोरच्या भिंतीवर एक्केचाळीस नंबर होती आणि मला तिकडे बघायचं नव्हतं. पाणी जमिनीवर ठिबकल्याचा आवाज आला. बादली माझ्या मागे होती. आवाज पुढून आला.

"जड आहे," अभय म्हणाला. "पण वाईट नाहीये."

आम्ही तसेच राहिलो, प्लास्टर गार होईपर्यंत.

दोन दिवसांनी सकाळी मला खुर्चीतून उठता आलं नाही. डावा पाय होता, पण माझा नव्हता. बॅकरेस्टने मला धरून ठेवलं होतं. दुखत नव्हतं, उलट बरं वाटत होतं, फार बरं. उठायचं कशाला, असं वाटलं. ते वाटणं कुठून येतंय याची मला भीती वाटली, म्हणून मी फोन लावला.

अभय वीस मिनिटांत आला. चंपामावशी त्याला दारापर्यंत घेऊन आल्या, पण आत आल्या नाहीत. त्याने काही न विचारता पट्ट्या सोडल्या, मला पलंगावर नेलं, गुडघ्यांखाली उशी ठेवली. पायात हळूहळू मुंग्या आल्या. तो जमिनीवर बसला, खोलीच्या मध्यावर, टेकायला काही नाही अशा जागी.

"तू त्यांच्या पाठीत बसलीयस," तो म्हणाला. "त्यांना ती पेलत होती. तुला नाही पेलणार."

मी म्हणाले, भिंतीवरची ती पाठ फोडली की माझ्याकडे काही उरत नाही. आणि मग मी त्याला त्या संध्याकाळचं सांगितलं. फोनचं, मीटिंगचं, जमिनीवर टेकवलेल्या हाताचं. ते माझ्यामागे का येऊन बसले, हे मला त्याच्या दुकानात कळलं. दोन बोटं मोजायला बसले होते. मी तेवढी बसले असते तर ती बॅकरेस्ट मला बरोबर बसली असती.

त्याने माझ्या गुडघ्यांखालची उशी नीट केली.

"नुसतं मोजायला बसले नव्हते," तो म्हणाला. "मोजणं हे माझ्याकडून मिळालेलं निमित्त होतं. खूश होऊन गेले होते ते. म्हणाले, बरं झालं, हल्ली टेकायला काहीतरी निमित्त लागतं."

मी तोंड पलंगाच्या कडेकडे वळवलं. तो तिथेच बसून राहिला, आणि मग माझ्या पाठीशी बोलल्यासारखा बोलला.

"मी दिवसभर लोकांना सरळ बसवतो. पण तू मला सरळच हवीस असं नाही. वाकडी चालेल. फक्त तू हवीस. दुसरं कोणी तुझ्या जागी बसलेलं नको."

उत्तर द्यायला मला शनिवारपर्यंत वेळ लागला.

शनिवारी दुपारी मी कार्यशाळेत गेले आणि माझा साचा दिला. त्याने विचारलं, हात लावू? मी म्हणाले, आता विचारू नकोस. पट्ट्या गरम झाल्या, गार झाल्या. या वेळी माझ्या पाठीवर त्याचेच दोन हात होते, मी मोजले.

"एक्केचाळीसचा खिळा?" त्याने विचारलं.

"रिकामा राहू दे. तुझी बेचाळीसवर लाव. माझी शेजारी."

त्याच्या पापण्यांवर पूड होती. त्याने डोळे पुसले, ते पुडीमुळेच का, हे मी विचारलं नाही.

मग त्याने एक्केचाळीस नंबर खाली उतरवली. दोन्ही हातांनी, माणसाला उतरवतात तशी. ती भिजलेली होती, भिंतीवर तिच्यामागे ओला आकार राहिला होता. फडक्यात गुंडाळलेली हातोडी टेबलावर होती. मी त्याला थांबायला सांगितलं. ती जमिनीवर ठेव म्हणाले, मध्यावर, भिंतीपासून दूर. त्याने ती उभी ठेवली, मागून दोन विटांचा टेका दिला, आणि दाराशी जाऊन गल्लीकडे तोंड करून उभा राहिला.

मी पाठ करून खाली बसले. मागे सरकले. पहिल्यांदा गार लागलं, कपड्यातून आत पाणी आलं. मग खांद्याखाली ती गाठ लागली. माझ्या कमरेचं वळण त्यांच्याहून दोन बोटं खाली होतं. आता मला ते नीट कळत होतं, तेवढीच एक फट होती आमच्यामध्ये.

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. मी वाजू दिला. वाजायचा थांबला. भिंतींवरच्या सगळ्या पाठी ऐकत होत्या.

प्लास्टर कोमट व्हायला लागलं.

"अण्णा," मी म्हणाले, "टेका. मला काही काम नाही."